तातडीने मदत हवी आहे: ३१२ व्हिडिओ उतरवून घ्यायचेत, मध्येच अडकतंय

नेत्रा_उत्रेख्त
नमस्कार मंडळी. एका चॅनलवरचे ३१२ व्हिडिओ उतरवून घेतेय. चाळिसाच्या आसपास गेलं की गाडी थांबते, परत सुरू केलं की परत तेच. काहींवर तर 'उपलब्ध नाही' येतं. तीन रात्री घालवल्या. कुणाकडे चालणारी कमांड असेल तर द्या, प्रवचन नको. घाई आहे.

खडूस
कुणाचं चॅनल, कुठली साइट, घाई कसली? लग्नाचे व्हिडिओ आहेत का?

नेत्रा_उत्रेख्त
लग्नाचे नाहीत. यूट्यूब. इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत, हेब्रॉनच्या दक्षिणेला मसाफेर यत्ता आहे, तिथल्या तरुणांच्या एका गटाची वेबसाइट मी बिनपगारी सांभाळते. मेंढरं अडवली, घर पाडलं, ऑलिव्हची झाडं तोडली, सगळं ही पोरं मोबाइलवर टिपतात. मे २०२२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या गोळीबार सरावासाठी तिथल्या लोकांना हटवायची वाट मोकळी केली, तेव्हापासून तर रोजच. ऑक्टोबर २०२५ मध्ये अल-हक, अल-मिझान आणि पीसीएचआर या तीन पॅलेस्टिनी मानवाधिकार संस्थांची यूट्यूब चॅनलं गेली, सातशेवर व्हिडिओंसकट. का, तर अमेरिकेने सप्टेंबरात त्यांच्यावर निर्बंध घातले म्हणून. अल-हक १९७९ पासूनची! तिची ही गत, तर आमच्या पोरांना कोण विचारतो? म्हणून घाई.

घाटावरचा
चॅनल तुमच्या लॉगिनने उघडतं का? उघडत असेल तर एकेक ओरबाडताय कशाला? गूगल टेकआउटमधून सगळं एकगठ्ठा मागवा, खाजगी ठेवलेलेही येतात. 'उपलब्ध नाही' म्हणतोय ते बहुधा तेच असतील.

नेत्रा_उत्रेख्त
लॉगिन माझ्याकडे नाही. एका जुन्या कार्यकर्त्याच्या मेलवर आहे, तो आता अम्मानला असतो.

घाटावरचा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

बंड्याकाका
नेत्राताई, सत्कार्य आहे, पण पैसे पाठवताना सांभाळून. एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, परवानगी लागते. आणि पेपॅल वेस्ट बँकेत, गाझात पॅलेस्टिनी लोकांना खातंच देत नाही, तेव्हा तो मार्ग बंद.

खडूस
काका, एफसीआरए परदेशातून भारतात येणाऱ्या पैशाला. जाणाऱ्याला फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा. आणि बाई नेदरलँड्समध्ये आहेत, पैशाचं त्यांनी विचारलेलंही नाही.

बंड्याकाका
माहिती दिली तर बिघडलं काय? पेपॅलचं तर खरं आहे ना?

टेपवाला
बावीस वर्षं बँकेचा बॅकअप सांभाळला, त्या अनुभवावरून सांगतो. एलटीओ टेप घ्या, बँका बॅकअपला वापरतात ती चुंबकीय फीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या गावी. कपाटात ठेवली की तीस वर्षं बघायला नको. नाहीतर त्यांनाच सांगा, सगळं परत क्लाउडवर चढवा म्हणावं.

नेत्रा_उत्रेख्त
दादा, त्या वस्तीला वीजजोडणीच नाही, सोलरवर फोन चार्ज करतात. टेप ड्राइव्ह कुठे लावू?

पुणेरी_जोशी
वेस्ट बँकेत थ्रीजीसुद्धा २०१८ ला आलं, गाझात टूजीच राहिलं, कारण मोबाइलच्या रेडिओ लहरींची परवानगी इस्रायलकडे. आपल्याकडे काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला बंद केलेलं फोरजी फेब्रुवारी २०२१ ला परत आलं. तेव्हा इथे कुणी धागा काढला नव्हता.

खडूस
काढला होता. तुम्हीच त्यात 'सुरक्षेसाठी आवश्यक' लिहिलं होतंत. जुने धागे उडत नाहीत इथले.

पुणेरी_जोशी
तो संदर्भ वेगळा होता.

मुक्तस्रोत
भांडा तुम्ही. ताई, हाताला लागतील तेवढे आज रात्रीच इंटरनेट आर्काइव्हवर टाका. सगळ्यांना खुलं. एकदा पसरलं की कुणाचा बापही पुसू शकत नाही.

सावनी_ब
मुक्तस्रोत, हे मुळीच करू नका. व्हिडिओत बायका आहेत, पोरं आहेत, रोज त्याच चेकपोस्टवरून जाणारे मेंढपाळ आहेत. त्यांना कुणी विचारलंय? शिवाय इंटरनेट आर्काइव्हही अमेरिकेतलीच संस्था.

नेत्रा, मी बर्लिनला सीरियातल्या चित्रफितींवर काम केलंय. २०१७ मध्ये यूट्यूबच्या यंत्राने सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ 'हिंसक' म्हणून काढले, तेव्हा आम्हीही असेच रात्र रात्र उतरवत बसायचो. त्यातून शिकले ते एवढंच की चॅनलवरची प्रत ही मूळ प्रत नाही. साइट ती परत दाबते, कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ-जागा गळून जाते. व्हॉट्सअॅपने मागवलंत तर आणखी चोथा. मागवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून. हेब्रॉनमध्ये २०१६ ला जमिनीवर जखमी पडलेल्या माणसाला सैनिकाने गोळी घातली, ते बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेच्या स्वयंसेवकाच्या कॅमेऱ्यात आलं आणि सैनिक सदोष मनुष्यवधात दोषी ठरला. असं काही तुमच्या पोरांच्या फोनमध्ये असेल तर मूळ फाइल लागेल. ती कुठे आहे, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

मिळाली की लगेच तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) काढून लिहून ठेवा, म्हणजे पुढे कुणी 'फिरवाफिरव केली' म्हणालं तर ताडून दाखवता येतं. कुणी, कधी, कुठे टिपलं ती वही वेगळी, कुलूपबंद. आणि टेपवाले, सगळं एका कपाटात नको. अल-हकसह सहा संस्थांना २०२१ मध्ये इस्रायलने दहशतवादी ठरवलं (युरोपातल्या अनेक सरकारांनी पुरावा नाही म्हणून ते मानलं नाही). पुढच्या ऑगस्टात सैन्याने रामल्लातल्या कार्यालयांवर छापे घातले, सामान नेलं आणि दारांना वेल्डिंग मारलं.

लॉगिनचं म्हणाल तर अम्मानवाल्याला फोन करा. त्याने टेकआउट मागवावं आणि चॅनलच्या परवानग्यांत आणखी एक विश्वासू माणूस जोडावा. फोनची, खात्याची सुरक्षितता तपासायला अॅक्सेस नाऊ या डिजिटल हक्कांच्या संस्थेची हेल्पलाइन आहे, संस्थांना फुकट, चोवीस तास, अरबीतही बोलतात.

मुक्तस्रोत
चेहरे धूसर करून टाकता येतात की.

सावनी_ब
३१२ व्हिडिओ? तुम्ही करताय का? खरंच विचारतेय, माणसं हवीच असतात.

मुक्तस्रोत
शनिवार-रविवार जमेल. निरोप धाडा.

नेत्रा_उत्रेख्त
अम्मानला फोन लागला. टेकआउट आज लावतोय. आणि मूळ फाइल त्याच्या आईकडे, गावी, बिस्किटाच्या डब्यात! जुनी मेमरी कार्डं आहेत म्हणे अकरा. तिच्या नातवाने दोन लावून पाहिली, एक उघडलं, एक वाचत नाही.

टेपवाला
वाचत नाही म्हणजे नक्की काय येतंय स्क्रीनवर? 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणायला सांगा आधी. आणि कुठल्या कॅमेऱ्यातलं आहे?