मदत हवी आहे: उद्योजकाची संपत्ती उपजत गुणांमुळे की शिकलेल्या कष्टांमुळे?

नमस्कार. या विषयावरील वादविवाद स्पर्धेसाठी मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण घेतले आहे. रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडावी लागल्यावर त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळवला, बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनवला, जो शेतकऱ्यांना सुरुवातीला नकोच होता. यंत्रांची जाण उपजत मानली, तरी बाकी सारे मला शिकलेलेच दिसते. मात्र १९१० मध्ये औंध संस्थानाने जागा दिली नसती, तर किर्लोस्करवाडी उभी राहिली असती का? (हा मुद्दा प्रतिपक्ष काढणारच.) राजाश्रयाचा वाटा मान्य करूनही कष्टांची बाजू कशी मांडावी, आणि भांडवलाअभावी मागे पडलेल्या तत्कालीन मराठी कारखानदारांची माहिती कुठे मिळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.