फिनिक्सच्या उन्हात कॅम्पर ट्रेलर थंड कसा ठेवावा?

प्रश्न: जूनपासून आम्ही ॲरिझोनातील फिनिक्सजवळ ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून नेता येणाऱ्या चाकांवरच्या घरात, राहत आहोत. पारा 40 अंशांच्या वर असताना छतावरचा 13,500 बीटीयूचा (सुमारे 1.1 टनाचा) एसी अखंड चालूनही आत उकडते, आणि छताच्या झरोक्याखाली हात धरला तर तापल्या तव्याजवळ नेल्यासारखी धग लागते. काय करावे?

उत्तर 1: प्रथम त्या झरोक्यात चंदेरी फॉइलचे इन्सुलेशन मापाने कापून घट्ट बसवावे. खिडक्यांना मात्र आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची सावली अधिक उपयोगी पडते, कारण काचेतून आत शिरलेले ऊन पडद्यावर अडले तरी त्याची उष्णता आतच राहते. एसी सकाळीच लावावा. भिंती आणि गाद्या एकदा तापल्या, की संध्याकाळपर्यंत त्याचे काही चालत नाही.

उत्तर 2: आपल्याकडचा पाण्याचा कूलर तिथल्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, परंतु एक खिडकी उघडी हवी आणि एसी बंद हवा. जुलैत दमट वारे आले, की त्याचा गुण ओसरतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. झरोका आजच बुजवतो.

उत्तर 3: शनिवार-रविवारी ट्रेलर सरळ ॲरिझोनातल्याच फ्लॅगस्टाफ शहराला न्यावा, ते सुमारे 2,100 मीटर उंचीवर असल्याने थंड असते. चाके असताना एकाच जागी भाजून का घ्यावे?