अल्फा पेशी जिवंत आहेत ना, मग रात्री माझं ग्लुकागॉन जातं कुठे?

पहाटे_तीन

मला टाइप वन मधुमेह होऊन 14 वर्षं झाली. गेल्या आठवड्यात पहाटे तीनला नवऱ्याने हलवून उठवलं तेव्हा मीटरवर 43 होतं. सेन्सरचा अलार्म किती वेळ वाजत होता कुणास ठाऊक, मला पत्ताच नव्हता. पूर्वी 65 च्या आसपास हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. आता काहीच होत नाही. डॉक्टर म्हणाले, तुमच्यात ग्लुकागॉनचा, म्हणजे शुगर वाढवणाऱ्या हार्मोनचा, प्रतिसाद उरलेला नाही. बाहेर रांग होती, पुढचं विचारायचं राहून गेलं.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी गेल्या, हे समजतं. पण ग्लुकागॉन तर अल्फा पेशी बनवतात आणि त्या टाइप वनमध्ये मरत नाहीत. मग शुगर 43 वर येईपर्यंत त्या करतात काय? आणि ज्या दिवशी मी नुसती प्रथिनं खाते, कर्बोदकं जवळजवळ नाहीतच, त्या दिवशी दोन-तीन तासांनी शुगर चढते. म्हणजे नको तेव्हा ग्लुकागॉन येतंय आणि हवं तेव्हा नाही, असं आहे का? सोपं करून सांगू नका, खरं काय ते सांगा.

मास्तर_शरीरक्रिया

ताई, मी हा विषय 26 वर्षं शिकवतोय. तुमचा शेवटचा अंदाज बरोबर आहे, आणि दोन्ही गोष्टींचं मूळ बरंचसं एकच आहे.

पॉल लँगरहान्स वैद्यकाचा विद्यार्थी असताना, 1869 मध्ये, त्याला स्वादुपिंडात पेशींचे वेगळे पुंजके दिसले. त्यांनाच आपण लँगरहान्सची बेटं म्हणतो. उंदराच्या बेटात बीटा पेशी मधोमध आणि अल्फा पेशी कडेला असतात. माणसाच्या बेटात त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे अल्फा पेशीला बीटा पेशीचा शेजार असतोच. बीटा पेशीने सोडलेलं इन्शुलिन सगळ्यात आधी या शेजारणीला लागतं, आणि तिथे त्याचं प्रमाण हाताच्या शिरेतल्या रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं. त्याच्यासोबत झिंक आणि गाबा हे निरोप पोचवणारं रसायनही बाहेर पडतात. बेटातल्याच डेल्टा पेशींचं सोमॅटोस्टॅटिन हे हार्मोनही तिथेच असतं. हे सगळे मिळून अल्फा पेशीला दाबून ठेवतात.

निरोगी माणसाची शुगर 80 च्या आसपास उतरली की बीटा पेशी आधी इन्शुलिन आवरतात. आणखी उतरून 70 च्या खाली जाऊ लागली की ग्लुकागॉन वाढतं. अल्फा पेशीला स्वतःलाही ग्लुकोज कळतं, मज्जातंतू आणि अॅड्रेनॅलिनही तिला हाक मारतात. पण शेजारचं इन्शुलिन एकदम ओसरणं हा तिच्यासाठी फार मोठा इशारा असतो. रात्री पंखा बंद पडला की आपल्याला जाग येते ना? ज्या खोलीत पंखाच नाही, तिथे बंद काय पडणार? तुमच्या बेटांत बीटा पेशीच नाहीत, तेव्हा ओसरायला काही उरलेलंच नाही. आणि टोचलेलं इन्शुलिन म्हणजे खिडकीतून येणारा वारा. शुगर 43 झाली म्हणून तो थांबत नाही.

आता प्रथिनांचं. 1973 साली टाइप वनच्या रुग्णांची शुगर इन्शुलिन देऊन उतरवली, तर ग्लुकागॉन जागचं हललं नाही. त्याच रुग्णांना अर्जिनिन हे अमिनो आम्ल दिलं तेव्हा मात्र ते उसळलं. म्हणजे पेशी जिवंत आहे, तिच्याकडे माल आहे, फक्त तो विशिष्ट इशारा तिला पोचत नाही. अमिनो आम्लं तिला थेट चेतवतात. निरोगी माणसात त्याच वेळी शेजारचं इन्शुलिन आवर घालतं. तुमच्यात तो आवर नाही, म्हणून शुगर चढते.

एवढ्यानं सगळं उलगडतं असं मात्र मी म्हणणार नाही. मधुमेही उंदरांमध्ये सोमॅटोस्टॅटिनचा एक रिसेप्टर (पेशीवरची निरोप घेणारी जागा) अडवला, तर शुगर उतरल्यावरचं ग्लुकागॉन बरंचसं परत येतं. म्हणजे बीटा पेशी नसताना डेल्टा पेशींचा दाबही नडत असावा. माझ्या मते पुढचा उपाय कदाचित याच वाटेने येईल.

लेकीची_आई

माझी मुलगी 9 वर्षांची असताना एकदा बेशुद्ध पडली होती. ग्लुकागॉनच्या किटमध्ये पावडर आणि द्रव वेगळे असतात. ते एकत्र करताना माझे हात नुसते कापत होते. मुदत संपलेल्या जुन्या किटवर आधी दोनदा सराव केला होता, त्याच्याच जोरावर जमलं. टोचून तिला कुशीवर वळवलं. दहा-बारा मिनिटांनी तिने डोळे उघडले आणि लगेच उलटी केली. कुशीवर का वळवायचं ते तेव्हा कळलं. ताई, नवऱ्याला हे आजच शिकवून ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर घालायची नाही, हेही सांगा.

मास्तर, एक विचारते. तिने त्या दिवशी काहीच खाल्लं नसतं, तरी इंजेक्शन लागू पडलं असतं का?

मास्तर_शरीरक्रिया

कमी पडलं असतं. ग्लुकागॉन स्वतः साखर आणत नाही, ते यकृतातल्या ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या साखरेचं, कोठार उघडतं. मोठ्या माणसात ते साधारण 100 ग्रॅम असतं. लांबलेला उपास किंवा दारू झाली असेल तर ते इंजेक्शन नीट चालत नाही. पण तुमच्या अनुभवात एक मोठी गोष्ट दिसते. अल्फा पेशीकडून निरोप निघत नाही, तरी बाहेरून दिला तर यकृत तो ऐकतं.

दुसरी_पिढी

वडिलांना टाइप टू आहे. त्यांच्यातही असंच होतं का?

मास्तर_शरीरक्रिया

त्यांची तक्रार बहुधा उलटी असते. उपाशीपोटीही ग्लुकागॉन जास्त, जेवल्यावरही ते उतरत नाही, आणि यकृत साखर ओतत राहतं. जीएलपी-1 ची औषधं आणि ग्लिप्टिन्स ही टाइप टूची औषधं काही अंशी हेच खाली आणतात. मग ग्लुकागॉनचा रिसेप्टरच बंद का करू नये? तसं करून पाहिलं. शुगर उतरली, पण यकृतातली चरबी आणि रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढली. यकृत अमिनो आम्लं वापरण्यासाठीही ग्लुकागॉनवर अवलंबून असतं. तो निरोप तुटला की रक्तात अमिनो आम्लं साचतात, आणि त्यांच्यामुळे अल्फा पेशींची संख्या वाढते.

पहाटे_तीन, तुमचे हात थरथरायचे थांबले, तो भाग ग्लुकागॉनचा नाही. थरथर अॅड्रेनॅलिनची. वारंवार हायपो झाले, म्हणजे शुगर फार उतरली, की मेंदू त्याला सरावतो आणि अॅड्रेनॅलिन उशिरा सुटतं. हे मात्र बऱ्याच जणांत काही प्रमाणात परत येतं. काही आठवडे हायपो कटाक्षाने टाळावे लागतात. डॉक्टरांशी बोलून अलार्म वर न्या, रात्रीचं इन्शुलिन तपासून घ्या.

पहाटे_तीन

उशिरा लिहितेय. डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला, अलार्म 90 वर ठेवला. चार आठवडे 70 च्या खाली एकदाही गेले नव्हते. सरासरी थोडी वाढली, ती मी वाढू दिली. काल दुपारी चालून आले आणि हात थरथरायला लागले. मीटरवर 63. ग्लुकोजच्या गोळ्या चघळत खाली बसले आणि रडूच आलं. मास्तर, अलार्म त्याच्या नंतर वाजला.

लेकीच्या आई, नवऱ्याने जुन्या किटवर तीनदा सराव केला.