अनुभव धागा : "तुले काय समजस?" – ठाम गैरसमज मोडताना

पांझराकाठचा
आमच्या शेतात आता तीन कोरडे बोअर आहेत. तिसरा परवा मारला. ४२० फूट, नुसती भुकटी. जागा पाणाड्याने दाखवलेली. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बांधाबांधाने फिरला, जुन्या विहिरीच्या अलीकडे नारळ उभा राहिला, नानांनी लगेच चुन्याची फुली मारली. त्याआधी दोन दिवस मी घसा कोरडा केला होता. आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळे कुठेही मारला तरी कधी लागतं, कधी नाही. लागलं की पाणाड्याचं नाव होतं, नाही लागलं की नशीब आपलं. नाना म्हणाले, "तुले काय समजस?"

बोअरची गाडी गेल्यावर वाटलं, आता तरी मान्य करतील. तर म्हणाले, "फुलीवर मारलाच कुठे? त्यानं गाडी दीड हात सरकवली."

आणि खरंच सरकवली होती हो. वर विजेची तार होती!

तर मंडळी, लिहा. आई-बाप, सासू-सासरे, साहेब, शेजारी, कुणाचा गैरसमज काढायला गेलात आणि काय झालं? अट एकच : सगळं "मी कसा शहाणा" नको. स्वतःचा मोडलेला असेल तर तो आधी.

केळीवाली, रावेर
माझा मामा पुण्यात. दर दोन महिन्यांनी नात्यातल्या ग्रुपवर तोच व्हिडिओ टाकतो, केळीच्या फण्या पाण्याच्या टाकीत बुडवताहेत आणि खाली लिहिलेलं, "बघा, विष". अहो, ते तुरटीचं पाणी. घड कापला की चीक गळतो, तो सालीवर सुकला की काळे डाग पडतात, माल मार खातो. म्हणून फण्या तुरटीत धुतात. पिकवायचं नंतर, ते चेंबरमध्ये, इथिलीन वायूवर, जो पिकणारं फळ स्वतःच सोडत असतं. कार्बाइडवर बंदी आहे आणि तरी ते वापरणारे आहेत, तेही मी लपवलं नाही.

एकदा इरेला पेटून पॅकहाउसमधून मामाला व्हिडिओ कॉल लावला. टाकी दाखवली, तुरटीचा खडा हातात धरून दाखवला, ओंजळीत पाणी घेतलं. तिथल्या बाया हसत होत्या मला. मामाने सगळं नीट पाहिलं. मग म्हणाला, "तुमचं चांगलं असेल गं, पण बाकीचे करतातच ना."

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मामा मात्र बाजारातून सफरचंदंच आणतो. ती मेणाने चमकवलेली असतात, त्याचं काही नाही.

कपाशीवाला
अट पाळतो, आपलीच सांगतो. बीटी, म्हणजे अळीला मारणारा गुण बियाण्यातच घातलेली कपाशी, तिला अळी लागतच नाही, हे माझं ब्रह्मवाक्य. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची, ती कडेला लावायची असते म्हणे, अळी बीटीला सरावू नये म्हणून. कोण लावतो? मी बांधावर फेकायचो. आणि लागवड मे महिन्यातच, ठिबकवर, गावात सगळ्यांच्या आधी.

२०१७ ला बोंडअळीने वाट लावली. कृषी सहायक आला, पोरगाच होता, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने एक डोमकळी तोडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पाकळ्या उमलतच नाहीत, आतून चिकटून गुलाबासारखी घट्ट कळी राहते. नखाने उकलली तर आत एवढीशी अळी. म्हणाला, "काका, गुलाबी अळीला आता बीटीचं काही वाटत नाही. आणि मे मधली कपाशी म्हणजे पहिल्या पतंगांना आयतं जेवण." मी त्याला काय म्हणालो असेन? "बियाणं बोगस आहे. तू कंपनीचा माणूस." चहासुद्धा विचारला नाही.

पुढच्या वर्षी कामगंध सापळे लावले, मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे. त्याच्या सांगण्यावरून नाही हं, साडूने लावले म्हणून. रोज सकाळी पतंग मोजायचो. आकडा वाढत गेला तसा मी गप्प होत गेलो. आता लागवड जूनमध्ये. घरात सांगितलं, "मे मध्ये लाइटीचा भरवसा नसतो." तो पोरगा बदलून गेला. त्याला सांगायचं राहिलंच.

पांझराकाठचा
@कपाशीवाला, "लाइटीचा भरवसा" वाचून हसलो आणि मग जरा थांबलो. नानांनाही अशी एखादी लाइट द्यायला हवी.

सुरती सून
ग्रहण! २५ ऑक्टोबर २०२२, दिवाळीतलं, ज्यात सूर्य ग्रहण घेऊनच मावळला. मला सातवा महिना. सासूबाईंनी आडवं पाडलं, विळी-कात्री उचलून माळ्यावर. वाद घातला नाही, झोप काढली. मुलगी गुटगुटीत झाली. "बघ, पाळलं म्हणून." आणि जाऊबाईंनी त्यांच्या वेळी लपून भेंडी चिरली होती, त्यांचा मुलगाही गुटगुटीत आहे. पण ते सासूबाईंना सांगायचं कुणी?

सिस्टर (शहाद्याकडची)
मी उपकेंद्रात आहे, सातपुड्याच्या पायथ्याला. सुरुवातीची वर्षं भगतांशी भांडण्यात गेली. साप चावला की माणूस आधी भगताकडे, मग उशिरा आमच्याकडे. मी पाड्यावर जाऊन सांगायचे, मंत्राने विष उतरत नाही. लोक ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तिकडेच जायचे. कारण त्यांच्या डोळ्यांदेखत माणसं बरी होत होती! धामण, दिवड, कवड्या चावले तर मंत्र न म्हणताही माणूस बराच होतो. विषारी साप चावूनही कधी कधी विष सोडत नाही. म्हणजे दहातले कितीतरी भगताच्या खात्यावर जमा. मी खोटी पडत होते.

मग मी मंत्राचा विषय सोडला. एका म्हाताऱ्या भगताशेजारी ओट्यावर बसले आणि म्हटलं, "बाबा, मण्यार चावला की दुखत नाही, सुजत नाही, खूण दिसत नाही. रात्री जमिनीवर झोपलेलं माणूस पोटात दुखतं म्हणून उठतं. पापण्या जड झाल्या, बोलणं बोबडं झालं, की ते तुमच्याही हातात नाही, माझ्याही. त्याला फक्त मोठ्या दवाखान्यातलं प्रतिविष." त्यांनी पापण्यांचं दोनदा विचारलं.

पुढच्याच पावसाळ्यात पहाटे साडेचारला दार वाजलं. बाबा स्वतः. "सिस्टर, पोरीचे डोळे उघडत नाहीत." १०८ बोलावली. बाबा गाडीत बसले, वाटभर पुटपुटत होते, मी तिचा श्वास बघत होते. चार दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. वाचली.

पाड्यावर म्हणतात, बाबांनी वाचवली. मी खोडून काढलेलं नाही.

भुसावळ जंक्शन
सिस्टर, आदर आहे, पण हे अंधश्रद्धेला खतपाणी नाही का? भगताचं नाव अजून मोठं झालं.

सिस्टर (शहाद्याकडची)
असेल भाऊ. पण त्यानंतर त्या पाड्यावरून तीन माणसं वेळेत आली. तिघांनाही बाबांनीच पाठवलं.

मास्तर, जळगाव
थोडं हलकं. आमचे तात्या, निवृत्त मुख्याध्यापक. "रोज दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते." चाळीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. जळगाव २१ अंश उत्तरेला. इथे सूर्य खरंच माथ्यावर येतो तो वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि जुलैत. जुलैत ढग, म्हणून उरतो मे. मी तात्यांना ऊन सोसत गच्चीवर नेलं, प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा उभा केला. बारा वाजता सावली होती. तात्या अस्वस्थ. मी खूश. बारा पंचविसाला सावली गेली, पाइपखाली लख्ख गोल तेवढा उरला.

तात्या म्हणाले, "बघ! मी काय सांगत होतो?"

पुरावा दाखवायला मी वर्षातला नेमका तोच दिवस निवडला होता. डिसेंबरात पुन्हा या म्हटलं तर म्हणतात, थंडी असते.

साक्रीकर
माझा अनुभव हलका नाही. १ जुलै २०१८, आमच्या तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं ती, जमावाने मारून टाकलं. माझं गाव वेगळं, पण मेसेज आमच्याही ग्रुपवर होते. मी आठवडाभर आधी लिहिलं होतं, "खोटं आहे, पुढे पाठवू नका." एका वडीलधाऱ्याने उत्तर दिलं, "तुझी लेकरं मोठी झाली, म्हणून तुला सुचतं." त्यावर बाराएक अंगठे. मी वाईट वाटून घेतलं आणि गप्प बसलो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच चॅटवर मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

तो वडीलधारा अजून भेटतो. त्या दिवसाबद्दल आम्ही बोललेलो नाही. मी गप्प बसलो त्याचंच मला जास्त लागतं.

मानसशास्त्रवाली
साक्रीकर, काही बोलायला सुचत नाही.

धाग्याच्या विषयावर एवढंच : पुरावा दाखवला की माणूस उलट जास्तच हट्टाला पेटतो, असं सगळीकडे सांगतात. २०१० मध्ये नायहन आणि रीफलर या अमेरिकी संशोधकांच्या प्रयोगांत तसं दिसलं होतं. पण २०१९ मध्ये वुड आणि पोर्टर यांनी दहा हजारांवर लोकांना घेऊन पन्नासेक विषयांवर तपासलं, तर तसं फारसं आढळलं नाही. लोक माहिती बऱ्यापैकी स्वीकारतात. मी स्वतः वर्गात कैक वर्षं जुनंच शिकवत होते. एका विद्यार्थिनीने दाखवलं तेव्हा पहिला शब्द तोंडातून आला, "पण..."

पांझराकाठचा
सगळ्यांचे आभार. सिस्टरचं वाचून काल रात्री नानांपाशी बसलो. पाणाड्याचं नाव काढलं नाही. म्हटलं, "चौथा मारायचाच असेल तर एकदा मशीनवाल्याला बोलावू. जमिनीत तारा खोचून भेगा बघतो." नाना बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "बोलाव. पण तो दाखवेल त्या जागेवर नारळ फिरवून बघू. उभा राहिला तरच."

शुक्रवारी मशीनवाला येतोय. नारळ नानांनी आजच आणून ठेवलाय, दोन.