मदत हवी आहे: हायब्रिडमध्ये पी०ए८० कोड, सेल गेला की बसबारचा गंज?

नमस्कार मंडळी. गॅरेजवर जुनी पेट्रोल हायब्रिड आली आहे, पी०ए८० (हायब्रिड बॅटरी पॅक खराब असल्याचा फॉल्ट कोड) दाखवते. निकेल मेटल हायड्राइड बॅटरी पॅक, ७.२ व्होल्टची २८ मॉड्यूल, एकूण २०१.६ व्होल्ट. मालकांना दुसरीकडे अख्खा पॅक बदलायला सांगितलंय. मला ती घाई वाटते, खर्चही त्यांना झेपणारा नाही.

गाडी उभी असताना १४ ही ब्लॉकचे (दोन-दोन मॉड्यूलच्या जोड्यांचे) व्होल्ट सारखेच दिसतात. चढावर जोर दिला की सहावा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा सव्वा व्होल्टने खाली बसतो, आणि चार्ज होताना तोच सगळ्यांच्या आधी वर जातो. त्यातल्या मॉड्यूलमधला एक सेल गेला असावा, असा माझा अंदाज. पण बसबारच्या (मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) नटांवर हिरवा गंजही आहे, आणि रेझिस्टन्स वाढला तरी रीडिंग असंच नाचतं. पॅक थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी धुळीने बुजली होती, ती साफ केली.

आधी गंज काढून पुन्हा रीडिंग घेऊ, की मॉड्यूल सुटे करून बल्बवर लोड टेस्ट करू? एकच मॉड्यूल बदललेली गाडी कुणाची टिकली आहे का? कपॅसिटी कशी जुळवलीत?

(शिकाऊ पोरांसाठी: सर्व्हिस प्लग (पॅकचा हाय व्होल्टेज तोडणारा प्लग) काढल्यावर दहा मिनिटं थांबा, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नका.)