मावशी-काका स्कॉटलंडला निघालेत, तिथे जेवायचं काय?

मावशी: सगळ्यांना कळवायचं राहिलं. तिकिटं झाली. १८ मे ला निघतोय. आधी एडिंबरा, मग वर इनव्हरनेस आणि स्काय बेट, शेवटी ग्लासगो. अकरा दिवस. आता जेवणाचं सांगा. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि उपम्याची वीस पाकिटं काढून ठेवली आहेत. तुपाचा डबा आणि पेढेही घेते.

ताई: मावशी, तूप आणि पेढे बाहेर काढ. भारतातून तिकडे दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. विमानतळावर काढून घेतात. बाकीचं ने, पण वीस पाकिटं नको गं.

दादा: ने मावशी, सगळं ने. मी ऑफिसच्या कामाला तीन दिवस होतो तिथे. सगळं उकडलेलं, वर नुसतं मीठ-मिरी. तिसऱ्या दिवशी इंडियन हॉटेल शोधत फिरलो.

मावशी: बघ. म्हणूनच म्हणते.

ताई: दादा, तू तीनही दिवस मुक्कामाच्या हॉटेलातच जेवलास, तूच सांगितलं होतंस. तसल्या ठिकाणी जगभर एकच जेवण मिळतं. आई-बाबा गेल्या सप्टेंबरात माझ्याकडे आले होते तेव्हा आम्ही नऊ दिवस फिरलो आणि जवळजवळ रोज तिथल्याच लोकांचं जेवण जेवलो. थोडं सविस्तर लिहिते. मला हे मनापासून सांगायचं आहे.

स्कॉटलंडचं खरं जेवण म्हणजे गरिबाघरचं जेवण. थंडी, पाऊस, हलकी जमीन. गहू तिथे नीट यायचा नाही, ओट यायचे. इंग्लंडच्या सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या शब्दकोशात ओटचा अर्थच असा दिला की इंग्लंडमध्ये हे धान्य साधारणपणे घोड्यांना घालतात, पण स्कॉटलंडमध्ये त्यावर माणसं जगतात. आपल्याकडे ज्वारी-नाचणीला लोक नावं ठेवायचे, तसंच ते. त्या ओटाचीच त्यांची भाकरी आहे, ओटकेक. पातळ, कडक, तव्यावर भाजलेली. तव्याला त्यांच्या बोलीत ‘गर्डल’ म्हणतात. चीजबरोबर खा किंवा सुपात बुडवून.

आणि उरलंसुरलं वाया न घालवणं. रविवारी भाजलेलं मांस उरलं की दुसऱ्या दिवशी ते बटाटा आणि कांद्याबरोबर मंद आचेवर शिजत ठेवायचं, वर झाकण. त्याला स्टोव्हीज म्हणतात. आपली फोडणीची पोळी जशी कुठल्या मोठ्या हॉटेलच्या मेन्यूत शोधून सापडत नाही, तसंच हे. ते मिळतं छोट्या पबमध्ये, जिथे आजचं सूप काय आहे ते खडूने फळ्यावर लिहिलेलं असतं.

मावशी: पब म्हणजे दारूचा गुत्ता ना? तिथे आम्ही दोघं म्हातारे जाऊन बसायचं?

आई: अगं, मलाही तसंच वाटायचं. मी पहिल्या दिवशी दारातच उभी राहिले. आत बघितलं तर शेकोटी, लाकडी बाकं, एक आजी विणकाम करत सूप पीत बसली होती आणि तिच्या पायाशी कुत्रा झोपलेला. आपल्याकडच्या बारसारखं काही नाही. पाणी मागितलं की साधं नळाचं पाणी देतात, फुकट.

ताई: हो, दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यायचं असा तिथे कायदाच आहे. बाटली घेऊ नका. बऱ्याच पबमध्ये वेटर टेबलापाशी येत नाही. आपण टेबलाचा नंबर बघायचा, काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसे तिथेच द्यायचे.

काका: मासे काय मिळतात? मला बाकी कशाची काळजी नाही.

ताई: काका, तुम्ही मालवणचे, तुम्हाला तर तिथे घर सापडेल. तुमच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली कलन स्किंक. ईशान्य किनाऱ्यावर कलन नावाचं मासेमारीचं गाव आहे, तिथलं हे सूप. स्किंक म्हणजे मुळात बैलाच्या नळीचं सूप. या किनाऱ्यावर हाताशी मासा होता, म्हणून भांड्यात मासा आला, नाव तेच राहिलं. धुरावलेला हॅडॉक (तिथला समुद्री मासा), बटाटा, कांदा आणि दूध. बस्स, एवढंच. बाबांनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा बाहेर आडवा पाऊस होता, आमचे बूट आतून ओले झाले होते. खोलगट वाडगा आला, वर लोण्याचे पिवळे डोळे तरंगत होते. बटाटा अर्धा कुस्करलेला, त्यामुळे सूप आपोआप दाट. चमचा घातला की माशाच्या पांढऱ्या पाकळ्या सुट्या व्हायच्या, आणि आधी नाकात यायचा तो धूर, चुलीवरच्या दुधाला येतो ना, तसा. बाबांनी वाडगा ब्रेडने पुसून घेतला.

बाबा: दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवलं.

वहिनी: आजी सध्या आमच्याकडे आहेत, त्यांना वाचून दाखवतेय. त्या म्हणतात असं लिही: “दूध आणि मासे एकत्र? जावयांना सांग, असलं खायचं नाही. अंगावर कोड उठतं.”

काका: हे मात्र खरं. आमच्या आईनेही कधी मासे खाल्ल्यावर दूध दिलं नाही.

वहिनी: आजींना समजावलंय. डॉक्टर म्हणून सांगते, दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं याला वैद्यकीय आधार नाही. कोड हा रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटल्यामुळे होतो. पण आयुर्वेदात विरुद्ध आहार मानलाय आणि आयुष्यभर पाळलंय, तर मनाविरुद्ध खाऊ नये, घास उतरणार नाही. काकांनी स्वतः ठरवावं.

बाबा: मीही वाडग्याकडे दोन मिनिटं नुसता बघत बसलो होतो. मग विचार केला, या किनाऱ्यावरची माणसं आजे-पणजोबांपासून हेच खात आली आहेत. त्यांच्या घरी आलोय तर त्यांचं खाऊ.

ताई: आणि काका, मन धजलं नाही तर दुसरी गोष्ट तुमच्यासाठीच आहे, त्यात दूध नाही. आर्ब्रोथ स्मोकी. हॅडॉक साफ करून, मीठ लावून, दोन-दोन मासे शेपटीला सुतळीने जोडीने बांधतात आणि काठीवर उपडे लटकवतात. खाली कठीण लाकडाचा जाळ, वरून ओलं गोणपाट. धूर आणि वाफ आत कोंडते आणि तासाभराच्या आत मासा शिजूनच निघतो. बाहेरून तांब्यासारखा, आतून ओलसर. २००४ पासून या नावाला युरोपात संरक्षण मिळालं, आपल्या हापूसच्या मानांकनासारखं. आर्ब्रोथपासून आठ किलोमीटरच्या आत केला तरच तो स्मोकी. एडिंबराहून ॲबरडीनकडे जाणाऱ्या रेल्वेवरच हे गाव आहे. बंदरापाशी गरम गरम कागदात बांधून देतात. हाताने सोलून खायचा, काटा-चमचा लागत नाही.

काका: हा तर आपल्या भाजलेल्या बांगड्याचा भाऊ. आर्ब्रोथ लिहून घेतलं. एडिंबराचा एक दिवस तिकडे काढणार.

मावशी: सगळं माशांचंच चाललंय. मी काय खाऊ ते कोणी सांगेल का?

आई: मी सांगते. तुझ्याइतकीच मी शाकाहारी आहे आणि नऊ दिवस उपाशी राहिले नाही. पण एक चूक होता होता वाचली, ती आधी सांगते. फळ्यावर मसूर डाळीचं सूप लिहिलेलं होतं. वाटलं, आपलं वरणच! समोर आलं तेही तसंच, पिवळं-केशरी, वाफाळलेलं, गाजराचे तुकडे. मी चमचा उचलला आणि लेक म्हणाली, आई थांब.

ताई: कारण तिथे मसुराचं सूप परंपरेने डुकराच्या पायाच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात. दिसायला शाकाहारी, पण असेलच असं नाही. मी जाऊन विचारलं, तर खरंच तसंच होतं. काउंटरवरच्या बाईने माफी मागून भाजीचं दुसरं सूप आणून दिलं. त्या रात्री मी आईला एका कार्डावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं: मांस नाही, मासे नाहीत, हाडांचं पाणी नाही, प्राण्यांची चरबी नाही. मग प्रत्येक ठिकाणी आई ते कार्ड पुढे करायची.

आई: आणि कोणीही तोंड वाकडं केलं नाही. एका ठिकाणी तर आचारी स्वतः बाहेर आला आणि प्रत्येक पदार्थावर बोट ठेवून हो-नाही सांगून गेला.

ताई: ‘चरबी’ हा शब्द त्यात का, तेही सांगते. बटाट्याचे काप काही दुकानांत बैलाच्या चरबीत तळतात. आणि क्लूटी डम्पलिंग नावाचा गोड पदार्थ आहे, क्लूट म्हणजे फडकं. कणकेसारखा गोळा, मनुका, दालचिनी, पिठाने माखलेल्या फडक्यात घट्ट बांधून तीन-चार तास उकळायचा, वर चकचकीत साय धरते. पण त्यात पारंपरिकरीत्या जनावराची चरबी असते. विचारूनच घे.

वहिनी: आजी खूश झाल्या. “फडक्यात बांधून उकडतात म्हणजे माणसं आपल्यासारखीच आहेत,” असं म्हणतायत.

मावशी: चालेल ते सांगा आता.

आई: हॅगिस खा.

दादा: आई?! हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस, ओट आणि चरबी घालून तिच्याच पोटाच्या पिशवीत शिजवतात.

काका: वजडीच झाली की. मी खाणार.

ताई: दादा, बरोबर. पण शाकाहारी हॅगिसही असतं आणि ते आज बऱ्याच पबमध्ये मिळतं. १९८४ मध्ये एडिंबरात स्कॉटिश पोएट्री लायब्ररी सुरू झाली, त्या समारंभासाठी मॅकस्वीन या खाटिकाच्या दुकानाने ते पहिल्यांदा केलं. कवितेच्या लायब्ररीला हॅगिस कशाला, तर त्यांचा राष्ट्रकवी रॉबर्ट बर्न्स, त्याने १७८६ मध्ये हॅगिसवरच कविता लिहिली. दर २५ जानेवारीला त्याच्या वाढदिवशी ती म्हणता म्हणताच सुरीने हॅगिस कापतात. पुरणपोळीवर तुकोबांचा अभंग असता आणि दरवर्षी तो म्हणूनच आपण जेवायला बसलो असतो, असं काहीसं.

शाकाहारी हॅगिसमध्ये ओट, डाळी, राजमा, गाजर, कांदा, बिया आणि भरपूर मिरी. बाजूला ‘नीप्स अँड टॅटीज’: टॅटी म्हणजे बटाटा, नीप म्हणजे सलगमच्या जातीचा पिवळसर कंद, दोन्ही कुस्करलेले. मावशी, वरचा रस्सा वेगळा मागव किंवा नकोच म्हण, त्यात मांसाचा अर्क किंवा व्हिस्की असू शकते.

आई: चव सांगू का? भरपूर मिरी घातलेला, मऊ, दाणेदार सांजा. मला पहिल्याच घासाला आपल्या आईची आठवण झाली, ताप उतरल्यावर द्यायची तो. पोट गरम राहतं, चार तास भूक लागत नाही.

मावशी: अक्का, तू म्हणतेस म्हणजे खाऊन बघते.

ताई: सकाळी टॅटी स्कोन घे, बटाट्याची तव्यावरची त्रिकोणी पोळीच. पॉरिज घे, म्हणजे ओटची पेज. जुन्या पद्धतीचं असेल तर पाण्यात आणि मिठात असतं, गोड नसतं, दचकू नकोस, मध मागता येतो. दक्षिणेकडे बटाटा-कोबीचं रंबलडीथंप्स मिळालं तर सोडू नकोस. क्रॅनाकन फार सुंदर, रासबेरी, साय, भाजलेले ओट, मध, पण त्यात व्हिस्की असते, म्हणून तुझ्यासाठी नाही. टॅबलेट मात्र आण सगळ्यांना, साखर-लोणी-आटवलेल्या दुधाची वडी, तोंडात रवाळ विरघळते.

आणि दादा, ग्लासगोत हॅगिसची भजी मिळतात. तिथल्या देशी मंडळींनी हॅगिस बेसनात बुडवून तळलं आणि ते आता शहराचं झालं.

दादा: हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी हॉटेलात जेवत नाही.

ताई: एक महत्त्वाचं, काका-मावशी. वेळ. स्कायकडे जाताना आम्ही एका गावात रात्री पावणेनऊला पोचलो आणि स्वयंपाकघर साडेआठला बंद झालेलं. मे महिन्यात तर दहापर्यंत उजेड असतो, वेळेचा अंदाजच येत नाही. बाबांना साखरेच्या गोळ्या, जेवण हवंच होतं. मी अगदी रडकुंडीला आले. काउंटरवरची मुलगी आत गेली, उरलेलं जवाचं सूप गरम केलं, चार स्लाइस ब्रेड, लोणी. बाबांनी तेच खाल्लं. पैसे अर्धेच घेतले. डोंगराळ भागात साडेसहा-सातलाच जेवून घ्या आणि स्कायवर आधी फोन करून टेबल सांगून ठेवा.

बाबा: ते सूप मी अजून विसरलो नाही.

काका: आमच्या गोळ्याही आहेतच. साडेसहा पक्कं.

मावशी: बरं, उपम्याची पाकिटं सहाच नेते, स्कायसाठी. मेतकूट मात्र नेणार. अक्का, ते कार्ड अजून आहे का तुझ्याकडे?

आई: पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. कोपऱ्यावर सूप सांडलंय, पण अक्षर दिसतं.

मावशी: टाकू नकोस. रविवारी येते घ्यायला.