टू-फाइव्ह-वनवर सोलो स्केलसारखाच वाटतो

प्रश्न: गिटारवर टू-फाइव्ह-वन, म्हणजे स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड्स, वाजवतोय: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. तिन्हींवर सी मेजर स्केल वाजवतो. सूर चुकत नाहीत, पण कॉर्ड बदललेली ऐकूच येत नाही. काय करू?

उत्तर १: आधी प्रत्येक कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा स्वर धरा. डी मायनरला चौथी तार १०वा फ्रेट, तिसरी तार १०वा. जी सेव्हनला चौथी तार ९वर आणा, सी मेजरला तिसरीही ९वर. बदल एवढाच! हे स्वर पहिल्या मात्रेवर पडू देत. सी मेजरवर एफ लांबवलात तर तो ई शी भांडतो.

उत्तर २: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, मिनिटाला ६० ठोके. घाई नको.

उत्तर ३: नंतर जी सेव्हनवर ए फ्लॅट (दुसरी तार, ९वा) घ्या, सी मेजर आली की ८व्या फ्रेटवर (जी) उतरा.

प्रश्नकर्ता: आणि जी सेव्हनवर ऑल्टर्ड स्केल (मुद्दाम बदललेल्या, ताण आणणाऱ्या स्वरांचं स्केल)?

उत्तर १: ए फ्लॅट मेलोडिक मायनर स्केलचेच स्वर, फक्त जीपासून सुरू करून. पण हे पक्कं झाल्यावरच.